ओरेस्टला काहीच जाणवलं नाही

मित्रांनो, मी एक जुनी वॉशिंग मशीन आहे. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात, डॉफिन गावी ओरेस्ट हृशकोच्या तळघरात उभी आहे. माझं पांढरं अंग अजून चकचकीत आहे, पण मला आता कुणी चालू करत नाही. ते योग्यच आहे.

मी आले त्या दिवशी ओरेस्टची बायको नेटी माझ्यावरून सारखा हात फिरवत होती. पाच मुलांचे कपडे पिळून पिळून तिची बोटं वाकडी झाली होती. घर जुनं होतं. भिंतीतल्या सॉकेटला दोनच भोकं, आणि माझ्या प्लगला तीन पिना. ओरेस्ट धान्याच्या कोठारावरची यंत्रं दुरुस्त करायचा. स्वतःच्या घरात वायरमन बोलावणं त्याला कमीपणाचं वाटे. त्यानं पक्कड घेतली आणि माझी तिसरी पिन मोडून टाकली. ती अर्थिंगची पिन होती. मी तरीही चालले.

पुष्कळ वर्षं चालले. नेटी शेजारणींना सांगायची, "माझी मशीन म्हणजे सोनं आहे गं!" मला बरं वाटायचं.

पुढे माझा एक पाय खचला. कपडे पिळताना मी थडथडू लागले. आत मोटरकडे जाणारी एक वायर पत्र्याच्या धारेवर घासत राहिली, आणि तिचं वरचं आवरण झिजलं. आता मोटर फिरू लागली की वीज माझ्या अंगावर यायची. अर्थिंग असती तर ती जमिनीत गेली असती, फ्यूज उडाला असता, मी बंद पडले असते. तसं काहीच झालं नाही.

"ओरेस्ट, मशीन चावते रे मला," हिवाळ्यात एकदा नेटी म्हणाली.

"या कोरड्या थंडीत सगळंच चावतं. काल दाराची मूठ नाही का चावली तुला?"

"ते चटकन बसतं आणि जातं. हे हातात शिरतं, दंडापर्यंत."

ओरेस्ट खाली आला. पायात जाड रबरी तळाचे बूट, हात कोरडे, आणि मी तेव्हा बंद. त्यानं माझ्यावर पंजा ठेवला. मग फ्यूज पाहिला. फ्यूज शाबूत होता.

"मला काहीच जाणवत नाही. काही बिघाड असता तर फ्यूज उडाला असता. वय झालं तुझं, म्हातारे!"

त्या दिवसापासून नेटी लाकडी डावानं माझं झाकण उचलू लागली. ओरेस्टला हसू आवरेना. "कपडे धुतेस की बोर्श्टचं सूप ढवळतेस?"

बर्फ वितळलं तसं दरवर्षीप्रमाणे तळघरात पाणी झिरपलं. नेटी चपला काढून अनवाणी पाणी लोटत होती. मी चालू होते. तिचा पाय घसरला. पडू नये म्हणून तिनं एका हातानं नळ धरला, आणि दुसरा ओला हात माझ्यावर टेकला.

मला थांबता आलं नाही, मित्रांनो. माझ्यात थांबण्याची जी सोय होती ती मोडलेली होती. नेटी खाली पडली ती पुन्हा उठलीच नाही, आणि मी कपडे खळबळले, पिळले, मगच थांबले.

वरून ओरेस्टची हाक आली. "नेटी, झाले ना कपडे? चहा टाकू का?"

नंतर गावातला वायरमन स्टॅन आला. त्यानं मला चालू करायला लावलं. मीटरची एक तार माझ्या अंगाला लावली, दुसरी नळाला. काटा सरळ वर गेला. त्यानं प्लग ओढून हातात घेतला.

"तिसरी पिन कुठाय, ओरेस्ट?"

ओरेस्ट जिन्याच्या पायरीवर बसला. "ती सांगत होती रे मला," एवढंच म्हणाला.

मित्रांनो, घरात कुणी म्हणालं की मशीन चावते, तर हसू नका. आधी प्लग काढा, मग जाणकाराला बोलवा. तुम्हाला जाणवलं नाही म्हणून काही नाहीच, असं समजू नका.

परवा ओरेस्ट शेजारी नव्यानं राहायला आलेल्या जोडप्याला खाली घेऊन आला. डेल आणि कोरीन. माझा मागचा पत्रा काढून त्यानं झिजलेली वायर दाखवली.

"आमची मशीन झकास आहे हो," डेल म्हणाला. "मला तर कधी काही झालं नाही."

ओरेस्टनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. "पोरी, मी तुला विचारतोय. तुला काही होतं?"

कोरीननं नवऱ्याकडे एकदा पाहिलं. "ओला हात लागला की मुंग्या येतात," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, मलाच तसं वाटतंय."

"आत्ता चालू आहे?"

"हो. कपडे लावूनच आलोय."

ओरेस्टचे गुडघे आता वाकत नाहीत, पण त्या दिवशी त्यांच्या मशीनचा प्लग काढायला तो कठडा न धरता जिना चढला.