माझ्या पेटीला लागलेलं हळदकुंकू

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. जुनी म्हणजे निकामी नव्हे, मित्रांनो. आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात या दोन्हींत फरक करत नाहीत. कुंदापूरच्या मासळीबाजारामागे उदय मोगवीरचा फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या कॉम्प्युटरच्या पेटीत मी राहते.

नवी होते तेव्हा काय थाट होता माझा! गिऱ्हाईक आलं की उदय पेटीवर थाप मारून म्हणायचा, "अख्ख्या तालुक्याची लग्नं हिच्या पोटात आहेत." लग्नांतले रुसवेफुगवेही होते, पण ते मी कुणाला सांगितले नाहीत. पुढे लॅपटॉप आला आणि माझ्या पेटीवर चहाचे कप ठेवू लागले. आठवण व्हायची ती दसऱ्यातल्या आयुधपूजेला. उदयची आई, गिरिजक्का, त्या दिवशी कात्रीपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळ्यांना गंध, हळदकुंकू लावते. माझ्यावर तिचा भारी जीव. पेटीच्या मागच्या भोकांवरही ओले टिळे, पंख्याच्या जाळीत झेंडूची फुलं खोचलेली. पूजेचं पुसायचं नाही हा घरचा दंडक, त्यामुळे दरवर्षी थरावर थर.

गेल्या माघात वासप्प भागवत आले. सारी हयात यक्षगानाच्या नाट्यखेळांत पदं गाण्यात गेली, आणि घशाच्या शस्त्रक्रियेनंतर नुसती कुजबुज उरलेली. सोबत शिष्या यमुना. त्याच संध्याकाळी देवळापुढे वालीवधाचा खेळ होता आणि गायचं होतं यमुनेला. वाली पडतो तिथलं पद गुरुजींच्या स्वतःच्या चालीचं, तिला अजून न बसलेलं. त्यांच्या आवाजातलं त्याचं एकुलतं एक चित्रीकरण माझ्याजवळ होतं.

उदयने लावलं, तर गाणं उचकी लागल्यासारखं अडकायला लागलं. मग त्याने सगळंच पेनड्राइव्हवर काढायला घेतलं. पडद्यावर आलं, अकरा तास. मग नऊ मिनिटं. मग दोन दिवस.

"म्हातारी गेली वाटतं," उदय म्हणाला.

मेल्या, तुझ्या जिभेला काही हाड? त्याने मला बंद करून पुन्हा चालू केलं. पेनड्राइव्ह बदलला. व्हायरस शोधला. इथे माझा जीव गुदमरतोय आणि हा माझ्या पोटात जंतू शोधतोय! शेवटी पेटीला चापट्या मारायला लागला.

"उदयण्णा, मारताय काय तिला?" यमुना म्हणाली. "हात लावून बघा, तव्यासारखी तापलीय."

उदयने वीज बंद करून पेटी उघडली. पंखा फिरतच नव्हता. झेंडू आणि गंध वाळून त्याची वीट झाली होती. तो खरवडायला लागला तशी गिरिजक्का आतून धावली.

"खबरदार! देवाचं आहे ते."

"अम्मा, पंखा देवाचा नाही, कॉम्प्युटरचा आहे."

"मी पूजा करते म्हणूनच इतकी वर्षं चाललं ना?"

वासप्पांनी हात जोडले. "अक्का," ते कुजबुजले, "माझा आवाज आत अडकलाय हो."

गिरिजक्काने पदर खोचला. म्हणाली, "सरक, तुला नाही जमायचं." केसातली पिन काढून तिने स्वतःच सगळं टोकरलं आणि फुलं तुळशीत नेऊन टाकली.

उदयने माझी सैल झालेली वायर घट्ट बसवली, वीज लावली आणि पंखा फिरला. मी हुश्श केलं. मग त्याने तालुक्याची लग्नं न ओढता तेवढं एकच चित्रीकरण घेतलं. चहा निवायच्या आत काम झालं. ही अक्कल आधी सुचली असती तर!

मग स्टुडिओत वासप्पांचा जुना आवाज भरून राहिला. डोळे मिटून ते टेबलावर ताल धरत होते. यमुनेच्या डोळ्यांना धार लागली होती. पद संपल्यावर त्यांनी तिला जवळ बोलावलं.

"तिसऱ्या ओळीला मी घाई केलीय," ते कुजबुजले. "तू करू नकोस."

यमुनेने ती ओळ तिथेच गायली, सावकाश. ओळ संपली तरी वासप्पांचा ताल टेबलावर चालूच होता.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची पूजा जरूर करा, पण त्यांना श्वास घ्यायला जागा ठेवा. आणि कुणाचा एकुलता एक आवाज माझ्या एकटीच्या भरवशावर टाकू नका. मी आज आहे, उद्या नाही. मात्र वासप्पांची काळजी आता मला नाही. ती चाल यमुनेच्या गळ्यात आहे, आणि तिथे ती माझ्यापेक्षा बरी वाजते.