कुणी न विचारता वर गेलेला हात

"चारित्र्य मैदानावर घडतं, आणि चारित्र्यावर राष्ट्र उभं राहतं!" सिद्धाराम हत्तुरे गरजले. त्यांचा उजवा हात छताकडे गेला होता, डावा कमरेवर होता आणि समोर न्हाणीघरातला आरसा भारावून ऐकत होता.

"अहो, राष्ट्र दुपारी उभं करा," बाहेरून मल्लव्वा म्हणाल्या. "चार दिवसांनी नळाला पाणी आलंय. आधी मोटर लावा!"

राष्ट्र तिथंच टेकलं. सिद्धाराम लुंगी सावरत मोटर लावायला गेले.

सिद्धारामांचं सोलापुरात विजेच्या सामानाचं दुकान होतं. ते चालायचंही बरं, पण त्यांचा जीव भाषणात. मुलीच्या शाळेच्या पालक संघाचे ते अध्यक्ष होते. आज शाळेच्या मुलींचा कबड्डीचा जिल्ह्याचा अंतिम सामना होता आणि संघाची कर्णधार होती त्यांचीच नववीतली सिद्धेश्वरी. जिंकणारा संघ विभागीय स्पर्धेला जाणार, हे नियमानं ठरलेलं. आपलाच संघ जिंकणार, हे सिद्धारामांनी ठरवलेलं. म्हणून तर अभिनंदनाचा फ्लेक्स त्यांनी कालच छापून आणला होता. फ्लेक्सवर मधोमध फेटा बांधलेले सिद्धाराम, दोन्ही बाजूंना गॉगल घातलेले त्यांचे मित्र, आणि खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी, कर्णधार.

भाषणात ते घरची एक रीत हमखास सांगत. हत्तुऱ्यांच्या घरात काही फुटलं, सांडलं, हरवलं तर चौकशी होत नसे. ज्यानं केलं त्यानं जेवायला बसल्यावर हात वर करायचा. मग ओरडा नाही. आपण केलेलं आपण निस्तरायचं आणि भाकरी खायची. ही रीत मल्लव्वांनी वळसंगहून, माहेरून आणलेली. भाषणात मात्र ती 'आमच्या घराण्याची परंपरा' होऊन बसे. गंमत एवढीच, की इतक्या वर्षांत घराण्याच्या प्रमुखाचा हात एकदाही वर गेला नव्हता.

घरात एकच कोडं सुटायचं राहिलं होतं. डब्यातल्या शेंगापोळ्या कमी होत. सिद्धारामांना डॉक्टरांनी गोड बंद केलेलं, तेव्हा संशय उंदरावर. पिंजराही सिद्धारामांनीच हौसेनं आणला. वर्ष झालं. उंदीर सापडला नाही, पोळ्या जातच राहिल्या.

असो. सामना अटीतटीचा झाला. गुण बरोबरीत, शेवटची चढाई, आणि चढाईला सिद्धेश्वरी! ती वाऱ्यासारखी कडेकडेनं गेली, एकीच्या खांद्याला शिवली आणि मध्यरेषेवर येऊन पडली. शिट्टी वाजली. जिंकलो! हलगी कडाडली, मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि सिद्धारामांनी फ्लेक्सची सुतळी सोडली.

फ्लेक्स निम्मा उलगडला तेवढ्यात सिद्धेश्वरी उठली आणि तिनं हात वर केला.

"सर, शिवायच्या आधीच माझी टाच रेषेबाहेर टेकली होती," ती पंचांना म्हणाली.

हलगी थांबली. पंचांनी दुसऱ्या पंचांकडे पाहिलं, दुसऱ्यांनी आभाळाकडे. समोरच्या संघातल्या मुलींनाही कळेना, आता नाचायचं की काय करायचं. त्यांच्यापैकी एकीनंही ती टाच पाहिली नव्हती. शेवटी गुण समोरच्यांना गेला. सिद्धेश्वरीचा संघ एका गुणानं हरला. सिद्धाराम फ्लेक्स गुंडाळू लागले, तर तो उलटाच गुंडाळला जाऊ लागला.

घरी आल्यावर त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. मुलीचं कौतुक करावं की कान धरावा? एकदा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"अगं पुट्टी, पंचांनी पाहिलं नव्हतं ना?"

"नाही, आप्पा."

"त्या पोरींनी?"

"नाही."

"मग तुला कुणी विचारलं होतं?"

"कुणीच नाही. पण टेकली होती की!"

सिद्धाराम तांब्याभर पाणी प्यायले. मग त्यांच्यातला अध्यक्ष जागा झाला.

"हे बघ, संध्याकाळपर्यंत आक्षेप घेता येतो. तुमच्या खेळाच्या रत्नम्मा बाई फोन करतील. त्यांना सांगायचं, की मी केस सावरायला हात वर केला होता. पडल्यामुळं भोवळ आली, काय बोलले ते कळलं नाही. बास! विभागीयला जाशील."

सिद्धेश्वरीनं गुडघ्यावरची माती झटकली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणता तर सांगते, आप्पा."

पोरगी एवढ्यात कबूल होईल, असं सिद्धारामांना वाटलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही.

"फक्त एक सांगा," ती पुढं म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "हात कधी वर करायचा आणि कधी नाही? म्हणजे कप फुटला तर करायचा, पण मॅच जाणार असली तर नाही, असं आहे का? मला खरंच कळंना झालंय."

सिद्धाराम बायकोवर घसरले. "ही तुझी रीत! मैदानावर असलं चालत नसतं. तिथं पंच असतात बघायला."

मल्लव्वा भाकरी थापत होत्या. थापायचं न थांबवता त्या म्हणाल्या, "घरात कुटं हायत पंच? तरी करतीच की ती हात वर. ती गरीब पोर एकच हात घिऊन हितनं मैदानावर जाती आणि तोच घिऊन परत येती. घरचा एक आणि मैदानाचा एक, असे दोन कुटनं आणावं तिनं?"

"पण हरली ना ती!"

"हरली की! मैदानावरनं आल्यापासनं रडतीया बी. उद्या पुन्हा पळायला जाईल. पण आज तिला खोटं बोलाय तुमी शिकवलंत, तर ती कुणाकडं जाईल?"

तेवढ्यात फोन वाजला. रत्नम्मा बाई होत्या. "हत्तुरे साहेब, आक्षेप घ्यायचा का? खरं सांगू, मलाच कळत नाहीये. संघ हरला म्हणून रागावू, की असली मुलगी संघात आहे म्हणून पेढे वाटू?"

सिद्धारामांनी मुलीकडे पाहिलं. ती उत्तराची वाट पाहत होती, बाईंपेक्षाही जास्त.

"नको, बाई," ते म्हणाले. "टाच टेकली होती!"

सिद्धेश्वरीनं डोळे पुसले आणि ताटं मांडायला घेतली.

वाचकहो, मुलांना खेळायला जरूर पाठवा. मैदान त्यांना धावायला शिकवेल, पडून उठायला शिकवेल. पण कुणी बघत नसताना कसं वागायचं, हे ती घरून शिकून जातात, तेही आपल्या भाषणातून नव्हे. आपण काय करतो, ते ती ताटावर बसून निमूट बघत असतात. मैदानावर फक्त त्याची परीक्षा होते, आणि त्या परीक्षेत पोर पास झालं, तर निदान आईबापांनी तरी त्याला नापास करू नये!

रात्रीची पानं वाढली. सिद्धारामांनी घास उचलला, खाली ठेवला. इकडेतिकडे पाहिलं. मग आयुष्यात पहिल्यांदा, भाषण नसताना, त्यांचा हात हळूहळू वर गेला.

"शेंगापोळ्या," ते घसा खाकरून म्हणाले, "उंदीर खात नव्हता."

सिद्धेश्वरीचा घास हातातच राहिला. रीतीप्रमाणे कुणीच ओरडलं नाही. मल्लव्वांनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

"हात वर केलाच हाय," त्या म्हणाल्या, "तर फळीवरचा तो पिंजरा तेवढा खाली काढा."