दोडक्याचं बी

गारा पडायला लागल्या तेव्हा ढवळू लेकीच्या परसात मांडवाची मेढ दोन्ही हातांनी धरून उभा होता. पलीकडची मेढ राहीने धरली होती. वारा दोडक्याच्या वेलासकट सगळा मांडव उचलू पाहत होता. गारा डोक्यावर, खांद्यांवर ताडताड बसत होत्या, तरी दोघंही हटेनात. शेवटी मेढीच उपटून आल्या, तेव्हा दोघंही घरात पळाली.

राहीची सासू गौराबाई चुलीपाशी बसली होती. तिची नजर गेलेली, पण कान शाबूत होते.

"पडला?"

"पडला," राही म्हणाली आणि पदराने बापाचं डोकं पुसू लागली.

ढवळू दोन दिवस चालून साखरशेतहून सूर्यमाळला आला होता. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मानमोडीच्या तापाने पाड्यापाड्यांतली माणसं नेली. इथे राहीचा नवरा जिवा गेला आणि आठवड्याच्या आत तिकडे ढवळूची बायको. तेव्हापासून तो एकटाच रांधून खात होता. संस्थानच्या जंगलात रखवालीला असलेला नवशा राहीशी पाट लावायला तयार होता. माणूस सरळ होता, आणि त्याचं घर ढवळूच्या खळ्यापलीकडेच. लेक रोज नजरेला पडली असती. तुझं इथे काय उरलंय, एवढंच तिला विचारायचं, असं घाट चढताना त्याने मनाशी घोकलं होतं.

पण आल्या आल्या परस दिसलं आणि विचारायचं राहून गेलं. वैशाखात सूर्यमाळच्या बायका हंडाभर पाण्यासाठी अर्धा कोस उतरत होत्या, आणि राहीच्या परसात मिरची, वांगी, दोडका हिरवागार होता. ती सासूला वाफ्यांच्या कडेला दगडावर बसवून न्हाऊ घालायची. न्हाणीचं पाणी तसंच झाडांना जायचं.

आता तेही गेलं. गारा थांबल्यावर त्याने दारातून पाहिलं. पानांच्या चिंध्या झाल्या होत्या. त्याला वाईट वाटलं, आणि आता विचारणं सोपं होईल असंही वाटलं. या दुसऱ्या वाटण्याची त्याची त्यालाच लाज वाटली. नागलीची भाकर खाऊन तो मुकाट्याने आडवा झाला.

सकाळी राही घरात नव्हती. गौराबाई चाचपडत त्याच्याजवळ आली आणि एक गाठोडं त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यात राहीची दोन लुगडी होती.

"तुम्ही कशाला आलात ते मला कळतं," ती म्हणाली. "मी सांगून ती जात नाय. बापाचं ऐकंल. घेऊन जा तिला."

"आणि तुम्ही?"

गौराबाईचा हात गाठोड्यावरच राहिला होता.

ढवळू बाहेर आला. राही चिखलात बसली होती. जिवाच्या जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून ती मोडका वेल एकेका काटकीला बांधत होती. दोन वेल तिने उभे केले होते, तिसऱ्याचं मूळ हाताने दाबत होती. बापाची चाहूल लागली तरी तिने मान वर केली नाही.

"बा, तुला काय सांगायचं होतं ना?"

ढवळू तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि ती दाबत होती त्या मुळावर त्यानेही माती ओढली.

"दोडक्याचं बी पायजे होतं."

दोन दिवसांची वाट तुडवत बी मागायला कोणी येत नाही, हे तिला कळत होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग उठून घरात गेली आणि आढ्याला टांगलेला वाळका दोडका घेऊन आली. त्याचं टोक मोडून तिने तो बापाच्या ओंजळीत हलवला. काळ्या बिया खळखळून पडल्या.

ढवळूने बिया एका मुठीत घेतल्या.

"किती खोल लावायचं गं?" त्याने विचारलं. "परसातलं सगळं तुझी आयच बघायची. मला कधी लावावं लागलं नाय."

राहीने चिखलाचे हात लुगड्याला पुसले. बापाचं बोट आपल्या हातात घेतलं आणि पहिल्या पेरावर नखाने खूण केली.

"एवढं," ती म्हणाली.