बसायला जागा नसलेला रस्ता

विद्यापीठाच्या मुख्य रस्त्यावरून गाड्या हाकलायच्या आणि तो चालणाऱ्यांच्या हवाली करायचा, हे काम माझ्याकडे आलं तेव्हा घरात सगळे खूश झाले. आत्या सोडून. आत्या तिथेच भूगर्भशास्त्र शिकवते आणि आपली खटारा गाडी थेट विभागाच्या पायरीला नेऊन भिडवते.

"तुझ्या रस्त्यावर गाडी नाही?"

"नाही."

"मग मीही नाही. राजीनामा देते."

मला वाटलं, नाटक. आत्याचं आणि नाटकाचं नातं आमच्या नात्याहून जुनं. पण त्याच संध्याकाळी जिना उतरताना तिने दोन्ही हातांनी कठडा धरलेला मला दिसला. बाईचे गुडघे गेले होते, आणि ते ती मेली तरी कबूल करणार नव्हती. शिकवणं सुटलं तर ही घरात भिंतींचे वर्ग घेईल, हे मला स्वच्छ दिसलं.

आम्ही वास्तुविशारद आराखड्यावर माणसं चिकटवतो. तयार कापलेली, सडपातळ, हातात कॉफी, सगळी लगबगीत. त्यांतलं एकही बसलेलं नव्हतं आणि मला ते कधी खटकलंही नव्हतं! घाईघाईने आराखड्यात बाकं आखली आणि समितीपुढे ठेवली.

"बाकं कशाला?" कुलसचिव भडकले. "पोरं बसतात."

"त्यासाठीच असतात, सर."

"आज नुसती बसतील, उद्या जोडीने बसतील, परवा उपोषणाला बसतील."

कुलगुरूंनी मान डोलावली. त्यांची मान कोणीही बोललं की डोलते. बाकं गेली. रस्त्याच्या मधोमध उद्घाटनाची शिळा मात्र एकमताने मंजूर झाली, काळी, गुळगुळीत, गुडघाभर उंच.

उद्घाटनाला सगळे फाटकापासून चालत निघाले. आत्याही आली, ठेवणीतले कपडे घालून. "शेवटचं बघून घेते तुझं दिव्य," म्हणाली. अर्ध्या वाटेवर तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. रस्ता चकाचक होता आणि टेकायला काडीचीही सोय नव्हती. मग ती सरळ पुढे गेली आणि पडद्यासकट त्या शिळेवर बसली.

कुलगुरू आले. दोरी ओढली. पडदा हलेना.

"मॅडम, उठा!" कुलसचिव खेकसले.

"उठवत नाही," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे बघून हळूच, "खरंच उठवत नाही गं."

सगळ्यांदेखत माझे डोळे भरून आले. आता कुलसचिव हिला हात धरून उठवणार आणि ही उद्यापासून घरी बसणार.

पण कुलगुरूंच्या पायात त्या दिवशी नवे बूट होते आणि ते मघापासून लंगडत होते. त्यांनी दोरी सोडली.

"जरा सरकता का?" म्हणाले, आणि आत्याशेजारी टेकले. हुश्श केलं. बूट काढले. "इथे बाकं का नाहीत हो?"

कुलसचिव माझ्याकडे बघायला लागले.

"होती, सर," मी म्हटलं. "तुम्ही मान डोलावलीत."

त्यांनी पुन्हा डोलावली. या खेपेला फायद्याची.

बाकं आली. पोरं नुसतीही बसतात, जोडीनेही बसतात. खटारा गाडी फाटकाबाहेर उभी असते आणि आत्या रोज चालत वर्गावर जाते. वाटेतल्या एकूण एक बाकावर बसते. कोणी विचारलंच तर सांगते, "भाचीचं काम तपासतेय. कच्चं आहे पोरीचं."

मी मान डोलावते.