बोलका ब्रेक

“ताई, रिमचे ब्रेक आता कोण घेतं?” सायकलवाल्याने माझं मागचं चाक हातात घेऊन फिरवत विचारलं. “डिस्क बसवून टाका. एका बोटात गाडी जागच्या जागी. भिजली तरी फरक नाही. आणि हे दर दोन महिन्यांनी ग्राइंडर मारायचं लफडं कायमचं गेलं.”

“माहीत आहे,” मी म्हणाले.

“मग अडलंय कुठे?”

मी पायाकडे बघितलं. आदल्या दिवशी लाकडी फळ्यांच्या ढिगावरून चाक सटकलं होतं आणि नडगीवर वीतभर साल गेली होती. एकोणचाळिसाव्या वर्षी नडगी सोलून घेणारी बाई त्याच्या दुकानात माझ्याशिवाय दुसरी कुणी येत नसावी. त्याने रिमच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली.

“धार पार गेलीय हिची. नुसते ब्रेकचे गुटके बदलून भागायचं नाही. एक तर पुन्हा ग्राइंडर, नाही तर डिस्क.” मग थांबून म्हणाला, “काकांनी मारलेलं ना हे?”

“हो.”

त्याने अंगठा काढून घेतला आणि चाक दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवलं. “मग घाई नाही. विचार करून सांगा.”

बाबांना जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते.

ज्यांनी ट्रायल्सची सायकल पाहिलेली नाही त्यांना ती मोडकी वाटते. तिला सीट नसते, कारण बसायचं कधी नसतंच. उभ्याने, मागच्या एका चाकावर तोल धरून, दगडावरून फळ्यांवर, फळ्यांवरून पिंपावर उड्या मारायच्या. सगळी मदार मागच्या ब्रेकवर. उडी संपते तिथे चाक जागीच गच्च थांबलं पाहिजे, तसूभरही फिरता कामा नये. म्हणून रिमच्या कडांवर मुद्दाम ग्राइंडरने तिरपे ओरखडे काढतात. गुळगुळीत रिमवर गुटका घसरतो, खरबरीत रिमवर तो दात रोवतो. रोज वापरलं की ओरखडे झिजतात आणि मग पुन्हा काढावे लागतात.

बाबांचा धंदा नेमका याच्या उलटा होता. नळ बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं पॉलिश केलं. ओतीव पितळेचा खडबडीत नळ त्यांच्या हातात यायचा आणि फिरत्या बफला, म्हणजे पॉलिशच्या कापडी चाकाला, लावून ते त्याचा आरसा करायचे. “तोंड दिसलं पाहिजे नळात,” ते म्हणत, “दाढी करता आली पाहिजे.” कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो की ते हात धुवायला जात आणि लवकर बाहेर येत नसत. आई यजमानांना सांगायची, “काळजी करू नका, ते तुमचा नळ तपासतायत.” खरोखरच परत येताना त्यांच्या रुमालाला ओल असायची आणि त्या घरचा नळ लखलखत असायचा. मावशीने एकदा मुद्दाम दोन दिवस नळ पुसला नव्हता. “येणारच आहेत भावोजी,” म्हणाली.

एकोणिसाव्या वर्षी मी ही सायकल घेतली. मला उड्या मारताना बघून त्यांनी फक्त माझं नाव बदललं. मी नाकतोडा झाले. “नाकतोड्या, जेवायला चल.” “नाकतोड्या, पाय बघू, काय लागलं?” पण मी रिमला ग्राइंडर लावला त्या दिवशी ते अंगणात आले आणि नव्या चाकाकडे असे बघत राहिले, जणू मी कुणाच्या तोंडावर ओरखडे काढलेत.

“हे तू केलंस?”

“असंच करतात, बाबा.”

“बरं,” ते म्हणाले, आणि आत गेले.

माझी पहिली स्पर्धा त्याच आठवड्यात होती. शुक्रवारी त्यांनी मागचं चाक काढून कारखान्यात नेलं. “बेअरिंग आवळून आणतो, खुळखुळतंय.” रविवारी सकाळी त्यांनी ते फडक्यात गुंडाळूनच मैदानावर आणलं, स्वतःच सायकलला बसवलं आणि माझा क्रमांक पुकारायला तीन-चार मिनिटं उरली असताना फडकं काढलं.

रिम आरशासारखी होती. दोन जेवणाच्या सुट्ट्या खर्ची घालून त्यांनी माझा एकेक ओरखडा पुसला होता. त्यात मला माझं हेल्मेट दिसत होतं आणि माझ्या मागे त्यांचं हसू.

“कसं झालंय?”

आता विचार करते तर वाटतं, तेव्हा सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण इतक्या वर्षांच्या कामाचं बक्षीस मागणारा तो चेहरा होता, आणि माझ्याजवळ तीन मिनिटं होती.

“छान झालंय, बाबा,” मी म्हणाले.

तिसऱ्या फळीवर मी ब्रेक दाबला आणि चाक लोण्यातून सुरी जावी तसं गेलं. डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

दवाखान्यात प्लास्टर होईपर्यंत बाबा बाहेर सायकलजवळ बसून होते. आई सांगते, ते चमकत्या रिमवर बोट फिरवत होते. त्यावर गुटक्याचे काळे, लांबट डाग पडले होते, घसरल्याचे. पॉलिशच्या वडीतला मेणचटपणा अजून बोटाला लागत होता. त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. धातूवर काय झालंय हे त्यांना माणसांपेक्षा लवकर कळायचं.

आत आले तेव्हा एवढंच म्हणाले, “मला बोलली का नाहीस?”

“तुम्ही एवढं घासलं होतं.”

“वेडी,” ते म्हणाले. “माझं काम खराब झालं तर सांगायचं असतं. कारखान्यात मी रोज ऐकतो.”

माझं प्लास्टर निघालं त्या आठवड्यात ते मला सायकलच्या दुकानात घेऊन गेले. हेच दुकान; तेव्हा सायकलवाल्याच्या डोक्यावर केस होते. माझ्या सायकलला कोणता ब्रेक बसवायचा ते ठरवायला बाबांनी तीन सायकली ओळीने उभ्या करायला लावल्या. पहिलीला वायरवर चालणारे रिम ब्रेक होते. त्यांनी ब्रेकचा दांडा दाबला, सोडला, वीस-पंचवीस वेळा. “वायर ताणली जाणार. आज लागेल, महिन्याने लागणार नाही.” दुसरीलाही रिमचेच ब्रेक होते, पण तेलावर चालणारे, नळीतलं तेल दाबलं जातं आणि दोन्ही बाजूंचे गुटके रिमला आवळतात. “हा खरा. तेल ताणत नाही.” तिसरीला डिस्क होती, तेव्हा अगदी नवीन आलेली. बाबांनी सायकलवाल्याला दुकानासमोरून ती चालवायला लावली आणि कचकन थांबायला सांगितलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनी मान तिरकी करून कान पुढे केला.

“नको,” ते म्हणाले. “हा मुका आहे.”

“काका, मुका आहे तेच चांगलं ना? रिमवाला किंचाळतो नुसता. शेजारी तक्रार करतील.”

“करू देत,” ते म्हणाले आणि माझ्या सायकलला तेलवालाच बसवायला लावला.

मला वाटलं, हट्टी माणूस. नव्या गोष्टीला नाव ठेवायला काहीतरी निमित्त शोधतोय.

त्यानंतर रिमला ग्राइंडर मारण्याचं काम त्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं. “तुझे ओरखडे म्हणजे मांजराचे,” म्हणाले. त्यांचे एकसारखे असायचे, एकाच कलाने, भाताच्या दाण्याएवढ्या अंतरावर. डावं कोपर बरगडीला टेकवून, श्वास रोखून, रिमला जेमतेम शिवून ग्राइंडर उचलायचा. पुरा फेरा झाला की डोळे मिटून अंगठा फिरवायचा. “कातडी अडली पाहिजे, पण फाटता कामा नये.” जन्मभर वस्तू गुळगुळीत करणाऱ्या माणसाने खडबडीतपणातही तीच सफाई आणली होती. क्लबातली मंडळी मला विचारायची, “रिम कुठून करून आणतेस गं?” मी सांगायचे, “घरी नळवाला आहे.”

अंगणात त्यांनीच मला फळ्यांचे ढीग रचून दिले. केबलचं एक रिकामं लाकडी रीळ कुठून तरी गडगडत आणलं. पण मी सराव करत असताना ते माझ्याकडे कधी बघत नसत. घडीची खुर्ची टाकून, ढिगाकडे पाठ करून, पेपर वाचत बसत. एकोणीस वर्षं मी त्यांच्या मानेची मागची बाजू बघत उड्या मारल्या. एकदा चिडून त्यांच्यासमोर जाऊन म्हणालेही, “बाबा, एकदा तरी बघा ना!” तर पेपर सावरत म्हणाले, “चालू दे तुझं, मी इथेच आहे.”

दुकानातून चाक घेऊन घरी आले तेव्हा आई दिवाणखान्यात उशांचे अभ्रे बदलत होती.

“काय म्हणाला?”

“डिस्क घ्या म्हणाला. चाक बदलावं लागेल. हे मग भिंतीला टांगून ठेवता येईल.”

“टांगून?” आईने उशी अभ्र्यात कोंबली. “नळ टांगू का मग एखादा शेजारी?”

“आई, यावर शेवटचे ओरखडे त्यांचे आहेत. वापरत राहिले तर उरलेसुरलेही जाणार. ग्राइंडर मारला तर आजच जाणार.” मी चाक भिंतीला टेकवलं. “आणि तुलाही बरं पडेल. त्या किंचाळण्याला किती वर्षं शिव्या देतेयस. डिस्कचा आवाजच नसतो.”

आई उशी मांडीवर घेऊन खाली बसली.

“तुला माहीत नाही?” ती म्हणाली.

“काय?”

“अगं, त्यांना ऐकू कुठे यायचं? बफच्या मोटरीने कान गेले होते. दाराची बेल ऐकू यायची नाही, मी हाक मारलेली ऐकू यायची नाही. तुझ्याशी बोलताना ओठ बघायचे ते. कुणाला सांगायचं नाही म्हणून दम दिला होता मला. तुझा तो मेला ब्रेक तेवढा ऐकू यायचा, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसूनसुद्धा.”

मी तिच्यासमोर बसले.

“तू मनगट मोडून घेतलंस त्यानंतर त्यांच्याच्याने बघवेना. तू उडी घेतलीस की त्यांचा श्वास अडकायचा. म्हणून पाठ करून बसायचे. ब्रेक किंचाळला की पुटपुटायचे, ‘थांबली.’ परत किंचाळला की परत, ‘थांबली.’ मी खिडकीतून बघायची ना. दोन-दोन तास पेपरचं एकच पान.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू तरी कुठे सांगितलं होतंस?” आई म्हणाली. “मैदानावर?”

दुपारी मी चाक अंगणात त्यांनी बसवलेल्या लोखंडी पकडीत आवळलं. ग्राइंडर त्यांच्याच फडक्यात गुंडाळलेला होता. व्हॉल्व्हच्या भोकाशेजारी, वीतभर जागेत, त्यांच्या रेघा अजून थोड्या दिसत होत्या. तेवढी जागा सोडून बाकीच्या रिमवर ग्राइंडर मारावा असं मनात आलं. पण चाक कुठे थांबेल ते आधी सांगता येत नाही. नेमकं तेवढ्या वितीशी गुटका आला तर पुन्हा तीच तिसरी फळी. माझं काम खराब झालं तर त्यांनी मला लगेच सांगितलं असतं.

मी डोळे मिटून त्या वीतभर जागेवरून एकदा अंगठा फिरवला. मग डावं कोपर बरगडीला टेकवलं, श्वास रोखला आणि सुरुवात तिथूनच केली.

माझ्या रेघा त्यांच्यासारख्या आल्या नाहीत. मांजराच्या नव्हत्या, एवढंच. पण अंगठा फिरवला तेव्हा कातडी अडली आणि फाटली नाही. नवे गुटके बसवले, चाक जोडलं आणि सायकल ढिगापाशी नेली.

तेवढ्यात आई निवडायची पालेभाजी ताटात घेऊन बाहेर आली. भिंतीला टेकवलेली घडीची खुर्ची पाच महिन्यांत कुणी उघडली नव्हती. तिने ती उघडली, पदराने पुसली आणि मांडली. कशी मांडायची ते तिला विचारावं लागलं नाही. ढिगाकडे पाठ करून ती बसली आणि भाजी निवडू लागली.

मी पहिल्या फळीवर उडी घेतली. चाक टेकलं, मी ब्रेक दाबला आणि तो साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा किंचाळला.

दुसरी फळी. तिसरी.

आईने मागे वळून पाहिलं नाही. मी हवेत असले की तिचा हात ताटात थांबायचा आणि ब्रेक किंचाळला की पुन्हा पानं खुडू लागायचा.