हाताने वाढलेल्या नूडल्स

माझ्या साडूचं चष्म्याचं दुकान आहे आणि त्याला खाण्यातलं काहीही कळत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याबद्दल गैरसमज नको. लग्नानंतर पहिली कित्येक वर्षं हा माणूस हॉटेलात जाऊन नुसता टोस्ट मागवायचा. आणि मी? माझा छापखाना आहे. शहरातल्या निम्म्या हॉटेलांची मेनूकार्डं माझ्याकडे छापली जातात. कोणाच्या स्वयंपाकघरात काय शिजणार हे गिऱ्हाइकांच्या आधी मला कळतं. सासरच्या मंडळींनी बाहेर जेवायचं ठरवलं की "थोरल्यांना विचारा" हे ठरलेलं. थोरले म्हणजे मी, थोरला जावई. बावीस वर्षं मलाच विचारत आले होते.

मग एका रविवारी सासूबाईंकडे जेवताना साडू म्हणाला, "मला एक चायनीज सापडलंय. तिथे नूडल्स हाताने ओढतात."

"ओढतात म्हणजे?" माझ्या बायकोने विचारलं. तिने हातातला घास खाली ठेवला होता. मी बोलत असताना तिने कधी घास खाली ठेवल्याचं मला आठवत नाही.

"म्हणजे सुरी नाही, मशीन नाही. पिठाची एक वळी घ्यायची, दोन्ही हातांनी ताणायची, दुमडायची, परत ताणायची. एकाचे दोन, दोनाचे चार. सात वेळा दुमडलं की शंभरावर धागे. मी खिडकीतून पाहिलं ना. आणि वर मालक स्वतः टेबलापाशी येऊन आपल्या हाताने वाढतो. प्रत्येकाला."

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी मला पंचाहत्तर पूर्ण होतायत. तिथेच जाऊ या का?"

हे त्यांनी साडूला विचारलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"त्याच्यापेक्षा चांगलं मी शोधून देतो," मी म्हणालो.

सासूबाईंनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलंय. त्यांना मुदत दिल्याशिवाय चैन पडत नाही. "शोधा. शनिवारपर्यंत सांगा. नाही मिळालं तर धाकट्यांचं ठिकाण."

घरी येताना बायको म्हणाली, "भाऊजींचं नशीब बघा. सहज चालता चालता सापडलं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बावीस वर्षं मान मोडून चवी शोधायच्या आणि नशीब म्हणे भाऊजींचं.

मंगळवारपासून कामाला लागलो. पहिल्या हॉटेलात माशांची मोठी काचपेटी होती आणि कार्डावर 'ताज्या नूडल्स' असं लाल अक्षरांत होतं. ती लाल अक्षरं मीच छापली होती. नूडल्स पाकिटातल्या निघाल्या. दुसरीकडे आचाऱ्याला विचारलं, तुम्ही हाताने ओढता का? तो म्हणाला, आम्ही हाताने पाकीट फोडतो. तिसरीकडे मात्र बसल्या बसल्या आतून धप धप आवाज यायला लागला. पीठ आपटल्याचा तो आवाज ऐकून मी इतका हरखलो की सासूबाईंना फोन लावला. तो वाजत असतानाच आत डोकावलो, तर प्लंबर सिंकखालचा पाइप ठोकत होता. सासूबाईंना म्हटलं, सहज फोन केला, तब्येत कशी आहे?

शुक्रवारी दुपारी मी छापखाना बंद केला आणि साडूच्या त्या ठिकाणी गेलो. चव बघायला नाही, खोड काढायला. उगाच का खोटं बोलू?

गोदामांच्या रांगेमागे, टायरवाल्याच्या शेजारी आठ टेबलांची जागा. भिंतीत एक चौकोनी खिडकी, पलीकडे स्वयंपाकघर. तिथे मालकीणबाई उभ्या होत्या. बाह्या कोपरापर्यंत वर, मनगटांना पीठ. त्यांनी वळी उचलली, दोन्ही हात पसरले, मधला भाग ओट्यावर आपटला, टोकं एकत्र आणली, परत पसरले. डोळे भलतीकडेच, रेडिओकडे. धागे बारीक होत गेले. मी छपाईवाला माणूस, ओळी सारख्या आहेत की नाहीत हे मला लांबून दिसतं. एकही धागा जाडा नव्हता.

मग मालक भलामोठा वाडगा घेऊन आले आणि टेबलापाशी उभे राहून त्यांनी मला आपल्या हाताने वाढलं. मी खाल्लं. काय सांगू! दाताखाली जरा अडायचं आणि मग सुरकन आत. इतकं चांगलं खाल्लं की माणूस खूश होतो. मी जळलो. घासागणिक जळलो. हे मला सापडायला हवं होतं. टोस्ट खाणाऱ्याला सापडतं म्हणजे काय?

निदान कार्डात तरी एखादी चूक सापडेल म्हणून ते उघडलं. पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत होतं, 'हाताने वाढलेल्या नूडल्स'. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत माझ्याच छापखान्याचं नाव.

तेव्हा आठवलं. तीन वर्षांपूर्वी हेच मालक एक कागद घेऊन आले होते. नवीन शिकलेलं, गोल गोल अक्षर. त्यात लिहिलं होतं, 'हाताने ओढलेल्या नूडल्स'. मी मनात हसलो होतो. नूडल्स काय ओढतात? ओढतात ती हातगाडी. बिचाऱ्याला भाषा येत नाही, 'वाढलेल्या' म्हणायचं असणार. न विचारताच दुरुस्त केलं. माझ्या छापखान्यावर पाटीच आहे, 'येथे अशुद्ध छापले जात नाही'. जाताना ते म्हणाले होते, एकदा जेवायला या. मी म्हटलं होतं, नक्की. गोदामांच्या मागे कोण जातंय?

"प्रेसवाले साहेब," मालकांनी मला ओळखलं. "आज आलात. तुम्ही लिहिलंत तसंच करतो बघा."

"म्हणजे?"

"आधी आम्ही नुसता वाडगा आणून ठेवायचो. कार्डं आली त्याच दिवशी एका बाईंनी विचारलं, हाताने कधी वाढणार? मी त्यांच्याकडून ओळ वाचून घेतली. म्हटलं, साहेबांनी ही ओळ वर घातलीय म्हणजे विचार करूनच घातली असेल. इथल्या गिऱ्हाइकाला काय हवं ते त्यांना कळतं. तेव्हापासून वाढतोय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ही म्हण मी शाळेच्या पुस्तकांसाठी किती वेळा जुळवली असेल देव जाणे. साडूच्या आधी तीन वर्षं हे ठिकाण माझ्या टेबलावर चालत आलं होतं. मालक स्वतः वाढतो म्हणून साडू जे कौतुक करत फिरत होता, ती माझी चूक होती. पण हे सांगू कोणाला? पहिला मान मागायचा तर चूक कबूल करायची. चूक लपवायची तर मान साडूला. मी चूक लपवली. शनिवारी सासूबाईंना कळवलं, "नाही मिळालं. धाकट्यांच्या ठिकाणी जाऊ."

रविवारी साडू टेबलाच्या टोकाला बसला, जणू हॉटेल त्याच्या वडिलांचं. त्याने कार्ड उघडून मोठ्याने वाचलं. "हाताने वाढलेल्या! ऐकलंत आई? कुठल्या कार्डावर असं असतं? ज्याने हे लिहिलं त्याला खरं खाणं कळतं."

मी पाणी प्यायलो.

तेवढ्यात मालक वाडगा घेऊन आले आणि मला पाहून त्यांचा चेहरा फुलला. "अहो, यांनीच लिहिलंय ते. तीन वर्षांपूर्वी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बायकोने हातातला ग्लास खाली ठेवला. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघून किती दिवस झाले होते! साडूने कार्ड मिटलं, परत उघडलं, परत मिटलं. मी जरासा हसलो फक्त. त्याचं ते पडलेलं तोंड मला नूडल्सपेक्षा गोड लागलं.

"म्हणजे तीन वर्षं तुम्हाला हे ठिकाण ठाऊक होतं?" सासूबाईंनी विचारलं.

मी होकाराची मान डोलावली.

"गेल्या वर्षी माझे सगळे दात काढले. चार महिने मी पातळ सूपवर होते. तुम्ही दर रविवारी येऊन विचारायचात, काय खावंसं वाटतं? मग इथे आणलं का नाहीत?"

त्या रागावल्या नव्हत्या. गणित सुटत नव्हतं म्हणून विचारत होत्या. आता माझ्याकडे दोनच उत्तरं होती. एक तर मी आपमतलबी ठरणार, नाही तर अडाणी. बायकोकडे बघितलं. मघाची ती नजर आता नव्हती.

"मी इथे कधी आलोच नव्हतो," मी म्हणालो. "परवा पहिल्यांदा आलो, चोरून. यांनी 'ओढलेल्या' असंच लिहून आणलं होतं. मला ती चूक वाटली. मी 'वाढलेल्या' केलं."

"आणि पाटी काय लावलीय छापखान्यावर?" बायको हळूच म्हणाली.

मालक वाडगा धरून तसेच उभे होते. "म्हणजे हाताने ओढलेल्या, असं कार्डावर कुठेच नाही?" त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मालकीणबाईंचे हात पसरले होते, ओट्यावर धप आवाज झाला. "तीन वर्षं हिच्या कामाचं एक अक्षरसुद्धा नाही?"

मला लाज वाटली. आपलेच दात, आपलेच ओठ.

"राहू द्या हो," साडू म्हणाला. "चूक झाली म्हणूनच तर तुम्ही आम्हाला इतक्या मायेने वाढता. आता हे थोरले नवीन कार्ड छापतील. 'हाताने ओढलेल्या, हाताने वाढलेल्या'. दोन्ही खरं आहे."

मालकांनी ते दोनदा पुटपुटून बघितलं आणि मान डोलावली. ओळी जुळवणं हा माझा धंदा, आणि ओळ सुचली चष्मेवाल्याला. वर मला वाचवलं ते वेगळंच. तो मोठेपणा मला का नाही सुचला? मी पुन्हा जळलो, पहिल्यापेक्षा जास्त.

"ते छापतील तेव्हा छापतील," सासूबाई म्हणाल्या. "यांच्या एका शब्दापायी हे मालक तीन वर्षं उभे आहेत. त्यांना बसू दे. थोरले, उठा, आज तुम्ही वाढा. आधी धाकट्यांना."

मी उठलो. मालक माझ्या खुर्चीवर बसले. चिमट्यात नूडल्स उचलून मी साडूच्या बशीत सोडल्या, पण एक धागा तुटेना. एक टोक त्याच्या बशीत, दुसरं माझ्या चिमट्यात. मी हात खांद्याच्या वर नेला तरी तो आपला लोंबतोय. मग साडूने त्याच्या बाजूचं टोक काट्याने दाबून धरलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"आता ओढा, साडूभाऊ," तो म्हणाला.

मी ओढला.