अमेरिकेतला 'नको'

मालाबाईंचा हिशेब सरळ होता. गावात चकलीचा डबा ज्या भावाला जातो त्याच्या पाचपट अमेरिकेतलं गिऱ्हाईक देतं, घासाघीस करत नाही आणि वर आईची आठवण आली म्हणून डोळे पुसतं. यंदा मनासारख्या ऑर्डरी आल्या, तर वडगाव निंबाळकरच्या घरामागं फराळाची पक्की शेड उभी राहणार होती. शेडवर पाटी लागणार, आणि पाटीवर नाव नवऱ्याचं, मानसिंगरावांचं नव्हे, विजयमालाबाईंचं. खरा नफा तो.

पार्सलं दसऱ्याच्या आत निघाली तरच दिवाळीला पोचतात. म्हणून सून प्राचीनं एका कंपनीकडून अमेरिकेत मेसेज पाठवायला दोन नंबर घेतले, आणि तिकडचा नियम सासूला कढईशेजारी बसून सांगितला.

"आत्या, ज्यांनी 'पाठवा' म्हणून लिहून दिलंय त्यांनाच पाठवायचं. तेबी त्यांच्या घड्याळानं सकाळी आठच्या आधी न्हाय, रात्री नऊच्या पुढं न्हाय. आणि कुणी 'स्टॉप' लिहिलं, म्हंजे नको म्हटलं, की विषय संपला."

मालाबाई हसल्या. "पहिल्या नकोला पान उचलत्यात व्हय गं तुझ्या माहेरात?"

पहिला 'स्टॉप' माधवचा आला. बारामतीच्या निवृत्त शिक्षिका विनयाताईंचा हा मुलगा न्यू जर्सीत नोकरीला. गेल्या दिवाळीचं गिऱ्हाईक. पहिल्या नंबराच्या यादीतून त्याचं नाव आपोआप उडालं. मालाबाईंना ते रुचलं नाही. पंगतीत माणूस पानावर आडवा हात धरतो, तो काय पोट भरलं म्हणून? पहिला नको लाजेचा, दुसरा रीतीचा. हात बाजूला सारून जिलबी वाढते तीच खरी वाढपीण. प्राची दोन दिवस माहेरी गेली, तेव्हा बाईंनी दुसरा नंबर हातात घेतला; त्यावर नाव आपोआप उडायची सोय प्राचीनं अजून लावली नव्हती.

"माधवराव, असं कसं? एक तरी डबा घ्यावाच लागंल."

स्टॉप.

"आमची शप्पथ हाय."

स्टॉप.

"रागावला का?" हा तिसरा मेसेज दुपारची भांडी आवरून गेला, तेव्हा माधवकडं पहाटेचे साडेचार वाजले होते. नको म्हणालेल्या बाकीच्यांनाही असंच प्रेमानं वाढण्यात आलं.

माधवनं तक्रार केली. कंपनीनं दोन्ही नंबर बंद केले. तो तक्रार मागे घेईल तरच उघडणार. 'ऑर्डरीचे शेवटचे चार दिवस' हा मेसेज, जो हवं म्हणणाऱ्यांना जायचा होता, तो आतच अडकला. इकडं चकल्या तळून डबे भरून तयार.

सासूसुना एसटीनं बारामतीला निघाल्या, माधवच्या आईकडं. वाटेत प्राचीनं बजावलं, "आत्या, नको म्हंजे नको. ध्यानात ठेवा."

"कानाला खडा," मालाबाई म्हणाल्या.

विनयाताईंनी चहा केला, सगळं ऐकून घेतलं आणि हसल्या. "अहो, काय एवढं मनावर घेता! आज रात्रीच सांगते त्याला, तक्रार मागे घे म्हणून."

मालाबाईंना भरून आलं. त्यांनी पिशवीतून डबा काढला. "अनारसं हाईत, ताई. तुमच्यासाठी येगळं केलं."

"अय्या, नको हो, कशाला उगाच!"

मालाबाईंनी डबा पुन्हा पिशवीत ठेवला. वर बंदही बांधला.

विनयाताईंचा अर्धा पुढं आलेला हात पदर सारखा करून माघारी गेला. "बरं," त्या म्हणाल्या, "बघते. तो कामात असतो फार. जमलं तर बोलते."

जिन्यावरच प्राचीनं कपाळाला हात लावला. "आत्या, निदान एकदा तरी 'घ्या हो' म्हणायचं!"

"आगं, मग एसटीत मला काय सांगितलंस?"

"ते अमेरिकेचं हो!"

"मग कुठल्या नकोचं कुठलं गाव, ते पिशवीवर लिहून देत जा."

फोन काही झाला नाही आणि नंबर काही उघडले नाहीत. हिशेब लागला तो असा. माधवची एक पहाट गेली, विनयाताईंचे अनारसे गेले. कंपनीनं एकूण एक मेसेजचे पैसे लावून घेतले, शपथेच्या मेसेजचेसुद्धा. मालाबाईंना दोनदा भुर्दंड पडला: एकदा आग्रह केल्याचा, एकदा न केल्याचा. पाटी रंगवायची राहिली. आणि चकल्यांचं सगळं देणं मानसिंगरावांनी संक्रांतीपर्यंत रोज चहाबरोबर फेडलं, एक दाढ गमावून.